वीतभर कमी

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या वखारींच्या मागच्या बोळात
दस्तगीर मोमीनचं दुकान आहे.
तीन पायऱ्या, एक कुरकुरणारा पंखा,
आणि आढ्यापर्यंत रचलेल्या गुंडाळ्या,
ज्यांच्याविषयी तो माणसांसारखं बोलतो.
"ही वकीलसाहेबांच्यातनं आली, ते गेल्यावर.
हिला ऊन सोसत न्हाई.
त्यो वरचा लाल, त्याचं काय ऐकू नका."

मी पर्समध्ये कापडी टेप घेऊन गेले होते.
बैठकीची खोली, सोफा वगळून, नऊ बाय सात.
एकतीस वर्षं भूमापनात काढली मी.
भावाभावांच्या बांधावर उभं राहून
वीतभर जागेसाठी निघालेल्या शिव्या
उन्हात, छत्रीखाली, लिहून घेतल्या.
माझं माप चुकत नाही.

त्यानं तरी मला तो लालच उघडून दाखवला.
वेलबुट्टी, मधे कमळासारखं काही, कडेला सुरू.
शंभर वर्षांचा असेल, मी म्हटलं.
तो हसला. "तोंड समदीच रंगवत्यात, बाई. पाठ बघा."
पालथा घातला. प्रत्येक गाठ
पाढे म्हणणाऱ्या वर्गासारखी एका रांगेत.
ओला रुमाल घासला, रुमाल गुलाबी झाला.
कडेचा एक धागा काडेपेटीवर धरला:
केस जळल्याचा वास यायला हवा होता,
आला तो प्लास्टिकच्या पिशवीचा.
"चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलाय ह्याला.
मी पण फसलोय. म्हणून वर ठेवलाय, ध्यानात ऱ्हावं म्हणून."

मग आणखी चार बघितले.
एकाला कसर, एकाला किंमत.
एक निळा इतका देखणा होता
की त्याच्यावर बसायचं कुणी हा प्रश्नच पडला.

सगळ्यांच्या तळाशी, बाकीच्यांना ओल लागू नये म्हणून घातलेलं,
एक घोंगडं होतं.
पट्टणकोडोलीकडच्या सनगराच्या मागावरचं.
नाकाजवळ नेलं तर मेंढराचा, आणि त्याखाली
अजून थोडा चिंचोक्याच्या खळीचा वास.
दोन पट्ट्या विणून मधे सांधलेलं, असतंच तसं.
पण डावी पट्टी काळीभोर, मेंढीच्या अंगचीच काळी,
आणि उजवी तपकिरीकडे झुकलेली, सैल हाताची,
एका ठिकाणी तर विणणारा उठून गेला असावा
आणि परत आल्यावर
त्याला आधीचा ठोका आठवला नसावा.
मधला टाका तांबड्या दोऱ्याचा. मोठा. घाईचा.

दोन माणसांनी विणलं का?
एक पट्टी फाटली म्हणून दुसरी घातली?
दस्तगीरनं खांदे उडवले.
"ठाऊक न्हाई. गोष्ट रचून सांगीन,
पण तिचं पैसं येगळं पडतील."

मी टेप लावली. आडवं बरोबर.
उभं वीतभर कमी.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही.
"घोंगडं कमी न्हाई," तो म्हणाला,
"खोली वीतभर जास्त हाय तुमची."

बावीसशे रुपये. घासाघीस केली नाही,
हे घरी कुणाला सांगायचं नाही,
सांगायला घरी कुणी नाही, ते वेगळं.

आता ते बैठकीत आहे.
वरच्या मजल्यावरच्या इंगवलेबाई येऊन बघून गेल्या,
अंगाला टोचत नाही का, म्हणाल्या.
टोचतं.
सकाळी अनवाणी चहा घेऊन जाताना
टाचेखाली तो सांधा येतो, दोरखंडासारखा उंच,
अलीकडे काळी, पलीकडे तपकिरी,
आणि मला सवयीनं वाटतं
आता कुणीतरी भांडायला लागेल.
मी थांबते. कप हिंदकळतो.
खिडकीशी वीतभर फरशी उघडी असते,
तिथं ऊन येऊन बसतं.

टेप दुकानातच राहिली.
तिच्यानं दस्तगीरनं तो निळा बांधून ठेवलाय म्हणे.
न्यायला या, असा निरोप आहे.
बघू.