उपविजेती

वर्तमानपत्रातल्या त्या फोटोत
पंचाच्या डाव्या हाताला मी आहे.
निकाल पुकारेपर्यंत तो दोघींची मनगटं धरून असतो,
आणि कुठला हात वर जाणार
हे त्याच्या बोटांच्या पकडीवरून आधीच कळतं.
मला सहा वर्षं कळत आलं.

माझं नाव वैजयंता. हसा खुशाल.
डिचोलीची. एक्कावन्न किलो.
ती बायण्याची, ज्योकिना मास्कारेन्यस.
बंदरावरून कोळशाची धूळ येते
आणि दोरीवरचे पांढरे कपडे करडे होऊन वाळतात, तिथली.
डावखुरी.

डावखुरीशी खेळायचं म्हणजे आरशाशी भांडण.
फक्त आरशातला माणूस तुमच्याबरोबर हलतो,
ही आधी हलायची.

पेडेच्या हॉलमध्ये वजनाच्या रांगेत
आम्ही दोघी बनियनवर उभ्या.
आदल्या दुपारपासून पाण्याचा घोट नाही,
तोंडात जमलेली थुंकीसुद्धा टाकून द्यायची.
एका वर्षी माझा काटा शंभर ग्रॅम वर गेला.
वेणी काप, ती म्हणाली,
आणि कात्री तिनंच कुठून तरी आणली.
संध्याकाळी त्या कापलेल्या केसांसकट
मला सावकाश, मोजून हरवलं.

वजन झाल्यावर तिची आई स्टीलच्या डब्यातून
पेज आणि भाजलेला खारा बांगडा घेऊन यायची.
अर्धा डबा माझ्याकडं सरकवत ज्योकिना म्हणे,
"जेव गो. उपाशी मनशाक मारून कितें मेळटलें?"

तिचा हिशेब मला माझ्यापेक्षा पाठ आहे.
सहा वेळा राज्य. दोनदा राष्ट्रीय कांस्य.
एकदा रौप्य, हिसारच्या मुलीसमोर,
तेव्हाचे भुवईवरचे पाच टाके.
शिबिराचं पत्र आलं ते शिबिर संपता संपता.
सत्काराच्या शाली तिच्या आईनं
मासळीच्या टोपलीखाली चुंबळ करून वापरल्या,
ऊबदार असतात म्हणाली.
नोकरीची फाईल पणजीत कुठल्याशा टेबलावर
अजून वजन उतरवते आहे.

एकोणतिसाव्या वर्षी डॉक्टरनं
तिला एक डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला.
तिनं घडाघडा वाचला.
डॉक्टरनं तक्ता बदलला.
हे मला तिच्या आईनं बाजारात सांगितलं,
इसवणाचे तुकडे करता करता, मान वर न करता.

मी आता शाळेत पीटी शिकवते.
हनुवटी खाली, हात वर, असं ओरडते पोरींवर,
आणि माझ्या तोंडून कुणाचा आवाज येतो
हे त्यांना माहीत असायचं कारण नाही.

परवा सकाळी रायबंदरला चोडणच्या फेरीत ती भेटली.
काळा कोट, काळी पँट, रात्रपाळीचे डोळे.
मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर दाराशी उभी असते.
झिंगलेल्यांना बाहेर काढायचं,
पण हात लावायचा नाही असा नियम आहे,
हे सांगताना तिला एवढं हसू आलं
की शेजारचा पाववाला दचकला.
मग एकदम विचारलं, "खांदो अजून पडटा?"

दमले की माझा डावा खांदा खाली येतो.
नवऱ्याला माहीत नाही. आईला नव्हतं.
तिला माहीत आहे,
तिथूनच तर ती आत यायची.
पडतो, मी म्हटलं.
माझ्या खांद्याकडं तिनं असं बघितलं
जसं कुणी आपल्या जुन्या घराकडं बघावं,
जिथं आता दुसरं कुणीच राहत नाही.

फेरी धक्क्याला लागताना हिसका देते.
स्कूटर, पावाची टोपली, शाळेची पोरं,
सगळं पुढं कलंडलं.
आम्ही दोघी तेवढ्या जागच्या हललो नाही.
खाली बघितलं तर
तिचं उजवं पाऊल पुढं, माझं डावं,
आणि बाहेरची जागा
तिनं आधीच घेतलेली.