पाण्याचा वार

अम्मानमध्ये आमच्या गल्लीचा पाण्याचा वार मंगळवार.
रात्री दोनला नळ खोकतो.
इन्साफ उठते, गच्चीवरच्या टाकीला कान लावते,
दाईने पोटाला लावावा तसा.

तांदूळ तीन पाण्यांनी धुते.
पहिलं पुदिन्याला, दुसरं टोमॅटोला,
तिसरं झाकून ठेवते, भांडी विसळायला.
मिठाचं पाणी मात्र कुणालाच नाही.
मी ओतलं होतं एकदा, नवी नवरी, घाईत;
ऑलिव्ह तेलाच्या डब्यातला झातर
मुळासकट जळाला.
सासू काही बोलली नाही.
आठ दिवस
डाळीच्या सूपात मीठ कमी होतं, एवढंच.

शुक्रवारी खालच्या हैफाची टाकी गळाली.
इन्साफने अर्धी बादली दिली,
ओठांतल्या ओठांत हिशेब करत.
रिकामं भांडं कुणी परत करत नाही इथे.
संध्याकाळी बादली आली
द्राक्षाच्या पानांनी शिगोशीग,
हैफाच्या खिडकीतल्या वेलीची,
कोवळी,
आणि धुळीने माखलेली.

भात भरून गुंडाळायची, तर आधी धुवायला हवीत.
आम्ही दोघींनी टाकीकडे पाहिलं.
मंगळवारला चार दिवस.

इन्साफने एक पान उचललं, उजेडात धरलं,
माझ्या तोंडापुढे आणलं.
म्हणाली,
"फुंकर मार."