प्रश्नावली

नियम एकच होता:
शब्द आपण उच्चारायचा नाही.
गाईबद्दल विचारायचं तर म्हणायचं,
दूध देते, शिंगं असतात, ती कोण?
आणि पेन्सिल टोकदार ठेवून थांबायचं.

एकोणीसशे त्रेपन्नचा मार्च. स्वेलडेलचं खोरं.
कुंपणाच्या दगडांवर बर्फ अजून
शिळ्या सायीसारखा.
सायकल दाराशी आडवी टाकून मी आत गेलो
तर एडिथ अल्डर्सनबाईंनी
आधी माझ्या टायकडे बघितलं, मग बुटांकडे,
आणि मेंढीचं एक अशक्त पिल्लू शेगडीजवळून उचलून
मला बसायला जागा केली.

दूध देते, शिंगं असतात?
बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
बिचारा, शहरातला.
"कू," म्हणाल्या. सावकाश. माझ्या भल्यासाठी.

वही भरू लागली.
या खोऱ्यात गाईला उकार,
राहत्या घरालाही उकार, तोही दीर्घ: हूस.
दगडाचा स्वर मधेच तडकलेला, स्टिअन,
जणू बोलताबोलता कुणी घण घातला.
पाणी वॅट्टर, ट दातांवर आपटून.
आणि रात्र? रात्र नुसती नीट.
(काळोखाला इतकं व्यवस्थित नाव
मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.)

एकशे बारावा प्रश्न.
संध्याकाळी काम संपलं की माणूस कुठे जातो?

बाईंनी ॲप्रनला हात पुसले,
पाठ सरळ केली,
आणि रेडिओवरच्या बातम्यांतून उसना आणलेला
एक गोल, इस्त्रीचा स्वर काढून
माझ्यापुढे ठेवला, पाहुण्यांच्या कपबशीसारखा:
"होम."

मी लिहिलं नाही.
चहा संपवला. पुन्हा विचारलं, वळसा घालून:
वाट चुकलेलं कुत्रं शेवटी कुठे येतं?
"होम."
कपबशी पुन्हा तीच.

मग दार ढकलून नातू आला, गुडघ्यापर्यंत चिखल.
आजोबांचा वरच्या कुरणात पत्ता नाही म्हणाला,
आणि बाई मला टायसकट विसरून कडाडल्या
की तो म्हातारा अजून याम का नाही आला!

याम.
इतक्या घाईने लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.
म्हातारा पंधरा मिनिटांनी आला,
टोपीत चार अंडी घेऊन.
त्याला कुणी काही विचारलं नाही, मीसुद्धा.

निघताना बाई म्हणाल्या,
तुझ्याकडं काय म्हणतात रे त्याला?

मी बर्नलीचा. गिरणीमागची तिसरी गल्ली.
आमच्याकडे पुस्तकसुद्धा दीर्घ: बूक.
शिष्यवृत्तीच्या पहिल्याच वर्षी
ते मी आखूड करून घेतलं,
वर्गात कुणी हसायच्या आत,
दुसऱ्याच्या मापाची पँट दुमडून घालावी तसं.
आणि बाई विचारत होत्या तो शब्द तर
मी दहा वर्षांत तोंडात घेतला नव्हता.
इथेही लिहीत नाही.
तोंड उघडलं. "होम," म्हणालो.

बाई हसल्या नाहीत.
वाटेसाठी केकचा तुकडा कागदात बांधून दिला.
सायकलला उतार होता, तरी मी पायडल मारत राहिलो.

शनिवारी आईकडे गेलो.
आई दारातच उभी, केसांत कापसाची कुसं.
मागांच्या खडखडाटात तीस वर्षं
नुसत्या ओठांनी बोललेली बाई,
तिचं बोलणं मी लहानपणी
गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून वाचायचो.

तिने माझा टाय पाहिला.
ॲप्रनला हात पुसले.
पाठ सरळ केली.
"आलास का होम," म्हणाली,
ओ अगदी गोल, अगदी जपून.

मी उंबऱ्यावरच थांबलो,
वळसा घालून कसं विचारावं
याचा विचार करत.