गुण

लातुरात, कोचिंगच्या पोरांच्या मेसवर
रोज दोनशे भाकरी थापते.
कोपराची शीर धरली, त्याला दीड वर्ष झालं.

उदगीरच्या वैदूनं बिब्बा लावला,
कातडी गेली, कळ तिथंच.
सुईनं दीड महिना सुखाचा,
मग व्याजासकट ठणका.
पट्टा पिठात माखला.
आराम द्या म्हणाले सगळे.
कुणाच्या हातानं देऊ?

फिजिओची पोरगी म्हणाली,
मावशी, पाण्याची बाटली
डाव्या हातानं वर न्या,
दुखऱ्यानं एकट्यानं खाली सोडा,
सावकाश,
पाच मोजत.

तीन महिने मोजतेय.
गंगाखेडचा विश्वंभर ताटावरून विचारतो,
मावशी, गुण आला का?
शंभरात चाळीस, म्हटलं.
एवढ्यात नंबर लागत नाही, म्हणतो.

भाकरीला लागतो की.
घे, गरम आहे.