किमान दोघं लागतात

विमानाचं तिकीट कॉलेजचं, कोट चर्चमधल्या मावशीचा,
बॅग भावाची, तिचं एक चाक रुसलेलं.
निघताना आईने एवढंच सांगितलं:
"जे वाढतील ते खा. नाक मुरडू नकोस."

दारात टेबल, टेबलावर नावांचे बिल्ले.
माझ्या नावातलं शेवटचं अक्षर गळालेलं.
"दोन मिनिटांत नवा करून देते," मुलगी म्हणाली.
राहू दे, म्हटलं.
मग दोन दिवस मी लिजोन नव्हतेच, लिजो होते.
लिजोला थंडी जरा कमी वाजायची.

कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापलेलं: विविधता भेट, शनिवार-रविवार.
आम्ही एकेचाळीस जण विविध.
उरलेले दोन हजार नुसते विद्यार्थी,
त्या गारठ्यात हाफ पँटीत फिरणारे.

एकटं माणूस विविध कसं असेल?
स्प्रिंगडेलमध्ये, आमच्या गल्लीत, मी तर सगळ्यांसारखी.
तेच नाक, तोच रविवार,
भाताचं तेच पातेलं, बुडाशी तसंच करपलेलं.
आजोबांच्या बेटाचं नाव सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही,
कारण विचारणाराही तिथलाच.
विविध व्हायला किमान दोघं लागतात,
आणि त्यातल्या एकाने यादी करावी लागते.

लाल झालेल्या मेपलखाली फोटो.
फोटोग्राफर टॉड, भला माणूस, गवतात गुडघे टेकून:
"जरा जवळ या. अजून. तू इकडे, तू तिच्या शेजारी.
आता विनोद ऐकल्यासारखं हसा."
"विनोद तर हाच आहे,"
इसिद्रो माझ्या कानात पुटपुटला,
आणि आम्ही खरोखर हसलो, पोट धरून.
पाकोउचे डोळे मिटलेत त्यात.
तरी तोच छापतील.

रात्री जेवायला चिकन.
मांडीचा तुकडा, हाड काढलेला.
काटा लावण्याआधीच मी तो काप ओळखला.
सांध्यापाशी सुरीचं टोक, मग हाडालगत एक ओढ,
मनगट वळवून बाहेर.
आई झोपेतही वळवते ते मनगट,
चादर ओढली जाते, मी जागी होते.

डीन हॅलोरनबाई माझ्याच टेबलावर बसलेल्या.
"आई काय करते तुझी?"
"फूड इंडस्ट्रीत आहे."
"अरे वा," म्हणाल्या, आणि मीठ मागितलं.
मी मीठ दिलं.
ताट चाटून पुसून स्वच्छ केलं.

इफेओमाच्या खोलीत, जमिनीवर, उसन्या स्लीपिंग बॅगेत
मी अंधाराला विचारलं, खरं सांग ना.
पलंगावरून बराच वेळ काही आलं नाही.
मग: "या दोन दिवसांत आपल्यासारखे जेवढे एकत्र दिसले,
तेवढे फेब्रुवारीत शोधून सापडत नाहीत.
फेब्रुवारीत वेण्या घालून घ्यायला मी बसने चार तास जाते."
"म्हणजे येऊ नको?"
"असं कुठे म्हटलं मी?
लायब्ररी पहाटे दोनपर्यंत उघडी असते.
तिसऱ्या मजल्यावर, हीटरला चिकटून, एक खुर्ची आहे.
मेमध्ये मी जाईन. ती रिकामी होईल."
आणि कूस बदलून झोपली,
जशी एखादी गोष्ट देऊन टाकल्यावर झोप लागते.

घरी पोचले तेव्हा आई
कोमट पाण्यात उजवा हात बुडवून बसलेली.
"काय वाढलं?"
भात. बटाटे. हाड काढलेली मांडी.
तिने हात पाण्याबाहेर काढला.
"हाड नीट काढलं होतं?"
"टोकाला एवढासा कुर्चा राहिलेला."
"मग आमच्या लाइनीवरचं नव्हे ते," आई म्हणाली,
अगदी ठाम,
आणि टॉवेल शोधता शोधता,
पाठमोरी:
"अर्ज कधीपर्यंत भरायचाय?"