बोअरहोल क्रमांक सात

उलव्याला, खाडीच्या अंगाला,
जिथं हॉस्पिटल अजून फक्त फलकावरच्या चित्रात आहे,
आम्ही सकाळपासून हातोडा टाकतोय.
साडेत्रेसष्ट किलो, पाऊण मीटरवरून.
तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले
ते मी लिहायचं.

दोन मीटरवर भराव : अकरा.
चार मीटरवर हातोडा नुसता टेकवला
आणि रॉड आपसूक गेला,
तुपात बोट जावं तसा.
ठोके : शून्य.
सहाला शून्य. साडेसातला शून्य.
नवाला शिंपल्यांचा चुरा, एक ठोका,
तोही बहुधा आमच्या समाधानासाठी.

हसुराम घरत, वॉचमन,
नळीतला काळा गाळ चिमटीत घेऊन हुंगतो.
"आज्याचं मिठागर व्हतं इथं. ती तिथं उघाडी."
बोट दाखवतो तिथं सिमेंटचा मिक्सर.
"या बांधावरशी मी चिखलात उडी मारायचो ना बाय,
तं पल्याडचे बांधावर भाऊस डुलायचा.
लगेच नाय. जरा थांबून."

जरा थांबून.
मी ते समासात लिहून ठेवते.

तळपदे सरांचा फोन : रबराचे पाय, एकशे बारा.
जमीन हलली तरी वर टेबलावरचं ऑपरेशन चालू राहील.
सर, कातळावर खरं आहे ते.
कातळ घाईघाईत थरथरतो, इमारत संथ,
दोघांची गाठच पडत नाही.
पण हा गाळ कुठं घाईत आहे?
त्याचा हेलकावा दोन सेकंदांचा,
रबरावरच्या इमारतीचाही दोनाच्या आसपास.
झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलणारा भेटला, तर...

"अहो, भोवती फट सोडलीय की."
किती?
"तीस सेंटिमीटर."

माझ्या हातातल्या रॉडवरही खडूच्या खुणा,
तीस सेंटिमीटरच्या.
तेवढंच अंतर, जे सकाळपासून
एकाही ठोक्याशिवाय संपतंय.

दुप्पट तरी ठेवा, म्हणते मी.
"मग पार्किंगची एक रांग जाते,"
आणि पलीकडे कुणीतरी चहा ढवळल्याचा आवाज.

बावीस मीटरवर हातोडा पहिल्यांदा उसळला.
पन्नास ठोके, रॉड तसूभर हलेना.
पोरं ओरडली, कातळ, कातळ!
हसुरामनं पाण्याचा डबा पुढं केला.
नखातला गाळ निघेना.
मी पन्नास लिहिले, आणि वरची शून्यं
पुन्हा एकदा मोजायला बसले.