फुंका

"खोल श्वास घ्या. अजून. अजून.
आता फुंका, फुंका, फुंका, थांबू नका!"
दिवसातून चाळीसदा ओरडते मी.
गोवंडीत, मेडिकलच्या वर, पहिल्या मजल्यावर
फुप्फुसं मोजायची माझी नोकरी.
माणसं केकवरची मेणबत्ती विझवावी तसे गाल फुगवतात,
पडद्यावर रेघ झपकन चढते
आणि उतरताना मधेच खचते,
पावसाळ्यातल्या घाटरस्त्यासारखी.

इर्शादभाई. सव्वीस वर्षं लाकडाच्या भट्टीसमोर
पावाच्या लाद्या ओढल्या.
विचारलं, विडी?
"कधीच नाही बेटी.
माझी विडी शेठने पेटवलेली."

हवालदार धुमाळ, अमर महलचा सिग्नल.
खिशातून रुमाल काढून टेबलावर पसरला,
पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखा.
सकाळी बायकोने पांढरा दिला होता म्हणे.

आणि नऊ वर्षांची आफरीन,
तिला फुंकताना हसू येत होतं,
मग हसताना खोकला.
तिची रेघ काढायला चार वेळा लागले.

हे सगळं मोजून मी चेंबूरला घरी येते.
खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की
काजळाच्या डबीत घातल्यासारखं निघतं.
डिसेंबरात पहाटे आमचा रामसुमेर
विलायती शिरीषाचा पाला झाडून
गेटजवळच्या कोपऱ्यात पेटवायचा.
तीन हिवाळे मी काय केलं?
खिडकी लावली.

चौथ्या हिवाळ्यात खाली उतरले, गाऊनवर शाल घेऊन,
मनात सगळं भाषण तयार.
तो उकिडवा बसलेला, तळवे धगीवर.
"थंडी लागते मॅडम. रात्रभर लोखंडी खुर्ची."
भाषण तिथेच विझलं.
पप्पांचा स्वेटर आणून दिला, बाह्या जरा लांब होत्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं, खड्डा खणू, पाला जिरवू.
कारखानीस सेक्रेटरी हसले :
"अहो, तिकडे माहुलची धुराडी, देवनारचा डोंगर,
रस्ताभर सिमेंटचे मिक्सर,
आणि तुम्ही आमच्या टोपलीभर पाल्याचं काय घेऊन बसलात?"
हिशेब त्यांचा बरोबरच होता.
मला उत्तर सुचलं नाही,
आजही सुचलेलं नाही.

मी त्यांना फुकट तपासणीला बोलावलं, जरा कावेबाजपणानेच.
ते आले, फुंकले.
रेघ सुरेख उतरली, वयाच्या मानाने उत्तम.
"बघा! ठणठणीत!" म्हणत जिना उतरून गेले.
शेवटी खड्डा झाला तो त्यांच्या बायकोमुळे,
तिला कढीपत्त्यासाठी खत हवं होतं.

परवा पहाटे रामसुमेरने वर बघून हाक मारली.
खड्ड्यातला पाला त्याने फावड्याने उलथला होता,
आतून काहीतरी पांढरं वर येत होतं.
माझ्या पोटात धस्स झालं.
"धूर नाही, मॅडम. वाफ. हात घाला."
घातला.
आत कुणीतरी नुकतं अंथरुणातून उठून गेल्यासारखं
ऊबदार होतं.
आम्ही दोघं तिथे हात शेकत बसलो,
काहीही न जाळता.

पलीकडच्या बिल्डिंगमागून धूर येतच होता.
सूर्य धुवायला टाकलेल्या कपबशीसारखा.
माझी स्कूटर अजून आहे,
हेही इथे लिहायला हवं.

यंत्र नीट चालतंय का बघायला
रोज सकाळी पहिली फुंकर माझी असते.
आकडा वहीत टिपते,
आईला सांगत नाही.
मग दार उघडून म्हणते,
पुढचे कोण? या. बसा.
खोल श्वास घ्या.